पाइप नेले, भोकं राहिली

आई : काढ म्हटलं ना. शिडी दाराआड आहे. स्क्रू ड्रायव्हर तुझ्या खिशात असेलच, तू जेवायलासुद्धा तो घेऊन बसतोस.

मुलगा : आई, गेल्या रविवारी लावले मी हे. अख्खा दिवस मान वर करून. अजून मान धड वळत नाही माझी.

आई : मानेला तेल लावून देते. आधी काढ.

मुलगा : तू मला एवढंच सांग, खोली गरम आहे की नाही?

आई : आहे. खोटं कशाला बोलू? परवा तर मी शाल काढून ठेवली. मग खांद्यावर काहीच नाही, तर चारचौघांत उघडी पडल्यासारखं वाटायला लागलं. या खोलीत, या दिवसांत, शाल काढलेली मला आठवत नाही.

मुलगा : मग?

आई : मग काढ.

मुलगा : हे बघ, हे पॅनल कोल्ड स्टोरेजचे आहेत. दोन्हीकडून पत्रा, मध्ये फोम. बाहेर भर उन्हाळा असला तरी आतला माल गारच्या गार राहतो, तो यांच्या जिवावर. उरलेले तुकडे भंगारात चालले होते. सुपरवायझरच्या मागे लागून लागून मागून घेतले. तुझ्या छताच्या मापाचे कापले, सांधे भरले. तू दिवा धर आणि मला एक फट दाखव.

आई : नाहीच आहे फट. मी रोज पडल्या पडल्या बघते. लोकांच्या कोटांना रफू करण्यात जन्म गेला माझा, जोड कुठे आहे ते मला बोटांनी कळतं, आणि तुझा जोड मला डोळ्यांनी सापडत नाही. कामाला नाव ठेवत नाही मी. काम एक नंबर आहे. पण तुझ्या त्या कोल्ड स्टोरेजमध्ये माल काय असतो?

मुलगा : बटाटे. कधी सफरचंदं.

आई : हां. तर बटाटा कधी तक्रार करत नाही, की वरच्या पोत्याचं काय झालं ते मला ऐकू येत नाही म्हणून.

मुलगा : तुला काय ऐकू यायचंय?

आई : वर कोण राहतं?

मुलगा : घड्याळजी काका. हे काय विचारणं झालं?

आई : कसे आहेत ते?

मुलगा : मला काय माहीत? मी आठवडाभर इथे नव्हतो.

आई : मी होते. इथेच, या शिवणाच्या मशीनपाशी. आणि मलाही माहीत नव्हतं. कळतंय का काही?

मुलगा : नाही.

आई : सोमवारी सकाळी जाग आली तर वर सामसूम. एरवी ते उठले की आधी खुर्ची ओढतात. मग खोकतात. मग टेबलावर हत्यारं मांडतात, एकेक करून, ठक ठक ठक. मला घड्याळ लागत नाही, घड्याळजी आहे ना वर. तर सोमवारी काही नाही. म्हटलं, झोपला असेल म्हातारा. मंगळवारीही नाही. बुधवारी मी चहाचा कप हातात धरून नुसती छताकडे बघत बसले, चहाचं पाणी झालं. म्हटलं, गेला. वर एकटाच गेला आणि आपण खाली स्वेटर उसवत बसलोय. मग डोक्यात उजेड पडला, की म्हातारा नाही गेला, माझे कान गेलेत. तू बुजवलेस ते.

मुलगा : फोम आवाज धरतोच, आई. तो त्याचा गुण आहे.

आई : आणि ऊब?

मुलगा : ऊबही धरतो. त्यासाठीच तर लावला.

आई : कोणाची धरतो?

मुलगा : तुझी. तुझ्या शेगडीची.

आई : आणि तू लावायच्या आधी ती कुठे जात होती?

मुलगा : वर. वाया जात होती वर.

आई : वाया? वर माणूस राहतो, बाबा.

मुलगा : त्यांची शेगडी असेल ना त्यांना.

आई : आहे. पण धुराडं छपरापाशी फुटलंय, पेटवली की खोलीभर धूर. मालकाला किती वेळा सांगितलं. तो म्हणाला, खिडकी उघडून पेटवा. कमाल आहे ना? खिडकी उघडून शेगडी पेटवायची. असं डोकं बाजारात मिळत नाही, ते घेऊनच जन्माला यावं लागतं.

मुलगा : मालकाचं नाव काढू नकोस, माझं डोकं फिरतं.

आई : फिरायलाच हवं. तू तेव्हा शाळेत होतास, तुला आठवत असेल. तळघरात बॉयलर होता, प्रत्येक खोलीतून पाइप वर गेलेला. सकाळी त्या पाइपला पाठ लावून तू दात घासायचास. मग एका उन्हाळ्यात हा माणसं घेऊन आला. म्हणाला, पाइप जुने झाले, दुरुस्तीला नेतो, थंडीच्या आधी नवे बसवतो. कोणत्या थंडीच्या, ते त्यानं सांगितलं नाही आणि आपण बावळटांनी विचारलं नाही. बॉयलरही नेला. लोखंड विकून मोकळा झाला. मी त्याच्या घरी गेले होते विचारायला. गंजीफ्रॉकवर बसला होता, खिडकी सताड उघडी, आणि मला म्हणतो, बाई, दोन स्वेटर घालत जा. मी म्हटलं, तुमचा एक द्या, तुम्हाला लागत नाही.

मुलगा : असं म्हणालीस?

आई : मग काय ओवाळणार होते त्याला? पण एक विसरला तो. पाइप नेले, भोकं राहिली. खालपासून वरपर्यंत एका ओळीत, प्रत्येक तक्तपोशीला एकेक भोक. इस्त्रीवाल्याच्या छतातून माझ्या जमिनीत, माझ्या छतातून घड्याळजीच्या टेबलाखाली. आम्ही तिघांनी आपापलं सगळं बिऱ्हाड त्या ओळीत आणलं. पुढच्या खोल्या बंद, खालचं दुकान तेवढं सोडून. तिथे आता कोळसा आणि उंदीर. झोपणं, शिवणं, रांधणं सगळं मागच्या खोलीत, भोकाच्या आजूबाजूला. कोणी बैठक घेतली नाही, ठराव केला नाही. एकानं पलंग सरकवला, दुसऱ्यानं ऐकलं, त्यानं टेबल सरकवलं.

मुलगा : ते भोक... मशीनवरचं?

आई : तेच.

मुलगा : ते मी बुजवलं. पॅनल लावायच्या आधी. फोमचा फेस मारून घट्ट बुजवलं. थंड हवा येत असेल म्हटलं तिथून.

आई : तिथून काही येत नव्हतं. जात होतं.

मुलगा : तू बोलली का नाहीस तेव्हाच?

आई : मी बाजारातून आले तेव्हा तुझं काम संपलं होतं. तू शिडीवरून उतरलास, कपाळावर फोमचा चुरा, आणि असा काही हसलास की मला तू पहिली सायकल चालवलीस तो दिवस आठवला. माझी जीभ उचलली नाही. माझंच चुकलं, माझी जीभ एरवी बरी चालते. आणि मला वाटलं, ऊब काय, फळ्यांतून जाईल थोडीफार. नाही गेली. तू कच्चं काम करतोस कुठे!

मुलगा : काका काही बोलले का?

आई : ते? ते मरतील पण बोलणार नाहीत. मागे मी एकदा गोधडी त्यांच्या दारात ठेवली, गुपचूप. दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात. म्हणे, चुकून आमच्याकडे आली वाटतं. गोधडीला पाय फुटले होते जशी काही. वर घडी माझ्यापेक्षा नीट.

मुलगा : मग तुला कळलं कसं, की वर थंड आहे?

आई : काल गेले ना. सबब हवी म्हणून माझं गजराचं घड्याळ नेलं. चालत होतं, मी त्याचा काटा वाकवला आणि म्हटलं बिघडलंय. दार एवढंसं उघडलं त्यांनी. अंगात ओव्हरकोट, डोक्याला टोपी, टोपीवर मफलर. बोलले तर तोंडातून वाफ. मागे टेबल दिसलं, त्यावर भिंग नाही, हत्यार नाही, सगळं फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. मी म्हटलं, काम बंद? तर म्हणाले, तेल घट्ट झालंय. घड्याळाचं तेल. आणि हात पाठीमागे घेतले. मला दिसू नयेत म्हणून. पण घड्याळ घ्यायला एक हात पुढे करावाच लागला. मशेरी लावल्यासारखी काळी नखं. बोटं मिटत नव्हती.

मुलगा : आई, बास.

आई : बास काय? त्या बोटांनी तो माणूस केसाएवढी स्प्रिंग बसवतो. बोटं गेली की तो नुसता ओव्हरकोट उरेल.

मुलगा : तुझं सगळं खरं. पण माझंही ऐकून घे. गेल्या थंडीत तुला घेऊन मी जिना उतरलो होतो. पाठीवर. तुझा श्वास माझ्या कानाशी, शिट्टीसारखा वाजत होता. डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी आहे, पुन्हा झालं तर आणू नका. आणू नका म्हणजे उशीर करू नका असं म्हणाले असतील, पण मला ते आणू नका एवढंच ऐकू आलं. त्या दिवसापासून ढग आले की मला झोप लागत नाही. किती वेळा म्हटलं, माझ्याकडे चल. माझ्याकडे भिंतीतून गरम हवा येते. येत नाहीस. मग मला जे येतं ते मी केलं. ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही, मला दुसरं काही येत नाही.

आई : तुझ्याकडे आले होते की मी. उकडून मेले. सूनबाई थंडीत पंखा लावते. आणि वरच्या घरात कोणीतरी बाई रडत होती, आठवतं? मी म्हटलं, जाऊन बघते. तू म्हणालास, नको, आपण ओळखत नाही. छान घर आहे तुझं. पण मला तिथे रात्री कोणी मेलं तर सकाळी कळणार नाही.

मुलगा : आणि इथे तू मेलीस तर? हीटर आणून दिला म्हणून वाचलीस गेल्या खेपेला. दवाखान्यातून आलीस तेव्हा खोली कशी ऊबदार होती, आठव. रात्रंदिवस चालू ठेव म्हणून बजावून गेलो होतो मी.

आई : हीटर.

मुलगा : हो, हीटर. कुठाय तो?

आई : पलंगाखाली. खोक्यात.

मुलगा : खोक्यात कसा?

आई : तू गेलास आणि मी बटण दाबलं. सगळ्या घराचे दिवे गेले. एकच तार आहे तिन्ही मजल्यांना, मालकाची मेहेरबानी. वर घड्याळजी अंधारात, खाली इस्त्रीवाला अंधारात. पुन्हा नाही लावला, तू यायच्या वेळी नुसता समोर मांडून ठेवायचे.

मुलगा : पण खोली गरम होती. मी रोज येत होतो, आई. मी जमिनीला हात लावून बघायचो. जमीनसुद्धा कोमट होती.

आई : जमीनच कोमट होती.

मुलगा : म्हणजे?

आई : इस्त्रीवाल्याची भट्टी कुठे असायची?

मुलगा : पुढे. दुकानात. खिडकीपाशी.

आई : आता कुठे आहे?

मुलगा : ...मागे. अंधाऱ्या खोलीत. मी म्हणायचो, गिऱ्हाइकाला बोळातून यायला लावतो, काय वेडा माणूस आहे.

आई : मला तू पाठीवरून नेलंस, त्याच दिवशी त्यानं भट्टी हलवली. एकट्यानं. ती बिडाची धूड, फरशी फुटली बघ वाटेत. मी परत आले तर माझ्या पलंगाखालच्या फळ्या कोमट, आणि भोकातून ओल्या कपड्यावर इस्त्री फिरवल्याचा वास. पहाटेपासून काम करायचा, रात्री कपडे नसले की घरच्या चादरी पुन्हा पुन्हा करायचा. त्याच्या बायकोनंच सांगितलं मला, वैतागून. म्हणाली, आमच्या पलंगपोसाला इतकी कडक घडी आलीय की झोपायला भीती वाटते.

मुलगा : आणि तो काय म्हणाला?

आई : मला चालता यायला लागल्यावर मी खाली गेले. विचारलं, भट्टी मागे का नेलीत? तर म्हणतो, पुढे उजेड फार येतो हो, डोळ्यांना त्रास होतो. इस्त्रीवाल्याला उजेडाचा त्रास! पांढऱ्या सदऱ्यावरचा डाग तो काय अंधारात बघणार होता? पण मी म्हटलं, हो का, जपा डोळ्यांना. आणि वर आले. त्या भट्टीवर तेवढंच बोलणं झालं आमचं. आजतागायत.

मुलगा : आणि मी सगळ्या मित्रांना सांगत फिरलो, की माझ्या हीटरनं आई वाचली.

आई : फिर की. तुझ्या पाठीनं वाचले मी आधी. जिन्यात एकदाही टेकला नाहीस. पण खालून आलेली ऊब मी माझ्यापाशी अडवून ठेवायची, आणि वरच्यानं टोपीवर मफलर बांधायचा? माझ्यानं होत नाही ते. मी गरम खोलीत आठवडा काढला आणि एक रात्र धड झोपले नाही.

मुलगा : थांब. बोलू नकोस जरा. मला विचार करू दे.

आई : कर. मी चहा टाकते.

मुलगा : झाकण मध्ये बसवलं मी.

आई : काय?

मुलगा : झाकण. भांड्याचं झाकण भांड्याच्या वर असतं. मी ते अर्ध्यात बसवलं. हे पॅनल तुझ्या छताला नकोतच. त्यांच्या छताला हवेत. त्यांच्यावर कोणी राहत नाही, नुसतं छप्पर. ऊब खालून चढते, तुझ्याकडून त्यांच्याकडे जाते, आणि तिथून छपरातून निघून जाते आकाशात. ती तिथे अडवायची. मग ती तिघांत फिरेल. तुझी खोली आजच्याएवढी गरम नाही राहायची, पण गेल्या थंडीपेक्षा बरी राहील. खिडकीच्या फटी मी वेगळ्या भरून देतो.

आई : हे जमेल?

मुलगा : माप जवळपास तेच असणार. एक दिवस लागेल.

आई : माप जमेल रे. माणूस कसा जमणार? गोधडी परत करणारा माणूस तुझे पॅनल घेईल?

मुलगा : विचारून बघू.

आई : विचारलंस की संपलं. विचारलं की तो नाहीच म्हणणार. सबब शोध काहीतरी.

मुलगा : तू शोध. काटे वाकवायची सवय तुला आहे.

(दारावर टकटक. घड्याळजी आत येतात, ओव्हरकोट घालून, हातात गजराचं घड्याळ.)

घड्याळजी : बाई, आपलं घड्याळ. यात बिघाड काही नव्हता. मिनिटकाटा वाकलेला होता.

आई : अगंबाई. आपोआप?

घड्याळजी : काटा आपोआप वाकत नाही. चिमट्यानं वाकवला तर चिमट्याची खूण राहते. हा बोटांनी वाकवलेला आहे. अंगठा आणि पहिलं बोट. बोटावर शिवणाचं अंगुस्तान होतं.

आई : बसा ना. चहा होतोय.

घड्याळजी : बसत नाही. काम पडलंय वर.

मुलगा : काका, कोणतं काम? आई म्हणत होती, तेल घट्ट झालंय.

घड्याळजी : तेल सैल होईल. ऋतू बदलतात.

मुलगा : काका, माझी एक अडचण आहे. हे वर बघा, छताला. हे पॅनल मी कामावरून आणलेत. इथून काढायचेत मला, आईला आवडत नाहीत.

घड्याळजी : का? काम स्वच्छ आहे.

मुलगा : तिला बटाट्यासारखं वाटतं. तर हे ठेवायला जागा नाही. माझं घर लहान. पुढच्या खोलीत उंदीर आहेत, फोम खातात. म्हणून म्हटलं, तुमच्याकडे ठेवले तर.

घड्याळजी : ठेवा. दाराआड उभे करा.

मुलगा : उभे केले तर वाकतात.

घड्याळजी : आडवे घाला. पलंगाखाली.

मुलगा : ओल लागते. पत्रा गंजतो.

घड्याळजी : मग कसे ठेवायचे म्हणता?

मुलगा : छताला लावून ठेवले तर सरळ राहतात.

घड्याळजी : छताला.

मुलगा : हो.

घड्याळजी : माझ्या छताला लावून ठेवायचे. जागा नाही म्हणून.

मुलगा : थंडी संपेपर्यंत फक्त.

आई : चहा घ्या हो. हातात धरा नुसता, प्यायचा नसला तर.

घड्याळजी : बाई, तुमचा मुलगा फार वाईट खोटं बोलतो.

आई : हो. बापावर गेलाय.

घड्याळजी : तुम्ही त्यापेक्षा बऱ्या बोलता, पण अंगुस्तान काढायला विसरता.

आई : आता राग आला असेल तर तसं सांगा. पण काल मी तुमची नखं बघितली. बघितली ती बघितली, आता न बघितल्यासारखं मला करता येणार नाही.

घड्याळजी : राग मला रविवारीच आला होता. वेगळ्या कारणानं.

आई : कोणत्या?

घड्याळजी : रविवारी दुपारी तुमचं मशीन थांबलं. भोकातून दिवा दिसायचा तोही गेला. संध्याकाळी शेगडीत कोळसा टाकल्याचा आवाज नाही, खोकला नाही. जमीन गार पडली. मुलगा आलेला पाहिला होता, सामान आणलेलं पाहिलं होतं. मी समजलो, घेऊन गेला तुम्हाला. बरंच झालं, म्हटलं, तिकडे ऊब आहे. पण एवढ्या वर्षांच्या शेजारणीनं जाताना दोन शब्द बोलू नयेत, याचा राग आला. तीन दिवस मी भोकाला कान लावून होतो. तुम्ही नसाल तर आता आवरतं घ्यावं, असं ठरवत होतो. म्हणून हत्यारं गुंडाळली.

आई : काय बोलताय? मी इथेच होते. मी तुम्हाला मेलेलं समजत होते.

घड्याळजी : मग आपण दोघंही चुकलो. काल तुम्ही दारात उभ्या राहिलात, हातात ते चांगलं चालणारं घड्याळ घेऊन. मला इतकं बरं वाटलं की दार मी मुद्दाम पुरतं उघडलं नाही.

मुलगा : काका, चूक माझी. भोक मी बुजवलं.

घड्याळजी : चूक कशाची? आईसाठी केलंत. मला मुलगा असता तर त्यानंही माझ्याकडची बाजू बघितली असती. पण एक सांगतो. तुमचे हे जोड मी आल्यापासून बघतोय. डोळ्याला भिंग लावूनही दोष काढता येणार नाही. असं काम करणाऱ्याचे पॅनल मी पलंगाखाली ठेवणार नाही.

मुलगा : म्हणजे लावू?

घड्याळजी : उंदीर फोम खातात म्हणालात ना.

मुलगा : फार खातात.

घड्याळजी : मग काय इलाज आहे. माझी मात्र एक अट. तुमचं हे मनगटावरचं घड्याळ मागे पडतंय. सारखं झटकता तुम्ही ते. काढून द्या. पॅनल माझ्याकडे राहतील तोवर ते माझ्या टेबलावर राहील.

मुलगा : घ्या. वडिलांचं आहे.

घड्याळजी : मी ओळखलं. पूर्वी एकदा उघडलंय मी ते. चहा चांगला झालाय, बाई. पेला वर नेतो, आणून देईन.

आई : चुकून आमच्याकडे आला म्हणून दारात ठेवू नका म्हणजे झालं.

घड्याळजी : येतो.

आई : जिना सांभाळून हो. गेला. बघितलंस? पेला दोन्ही हातांत धरला होता. माझा पेला घेऊन कधी नाही गेला हा माणूस.

मुलगा : आई, आधी पॅनल नको, आधी भोक मोकळं करतो. तेवढा एकच तुकडा काढला की हात पोचेल. शिडी धर.

आई : धरलीय. सावकाश. तो पत्रा माझ्या डोक्यात नको घालूस.

मुलगा : हे घे, खाली ठेव. फेस चांगलाच वाळलाय. मीच मारला आणि मलाच उकरता येत नाही.

आई : पक्कं काम ना तुझं. भोग आता.

मुलगा : डोळ्यांत चुरा गेला. तू शेगडीत कोळसा घाल बघू थोडा. रविवारी खालच्यांच्या भोकावर मी चटई टाकली होती, तीपण सरकवतो नंतर.

आई : ती मी कालच सरकवली. इस्त्रीवाल्याला ओरडून विचारलं, उजेडाचा त्रास कमी झालाय का म्हणून. म्हणाला, हो, डोळे आता बरे आहेत.

मुलगा : निघालं. आरपार निघालं. आई, इथे हात धरलास तर वारं लागतं हाताला. गरम वारं. वर ओढलं जातंय.

आई : मला काय सांगतोस? मीच पाठवत होते ते.

मुलगा : त्यांच्या टेबलाचा पाय दिसतोय. सपाता दिसतात. बसलेत वाटतं.

आई : डोकावू नकोस, बरं दिसत नाही. उतर खाली.

मुलगा : उतरतो. हे काय पडलं?

आई : कुठे?

मुलगा : तुझ्या मशीनवर. टिक् झालं. स्क्रू आहे बहुतेक... पण माझा नाही हा. माझे केवढे असतात, हा तर तिळाएवढा आहे.

आई : हात नको लावूस, तुझ्या बोटांना सापडणार नाही. सुईचं लोहचुंबक दे इकडे. आणि ती काड्यापेटी. वरून पडणाऱ्या त्याच्या स्क्रूंसाठीच ठेवलीय.